तिसऱ्या ट्यूनचा हट्ट

सिहोऱ्याच्या वीरेंद्रनं गाडीला ताकद वाढवणारा मोठा टर्बो बसवला, तेव्हापासून त्याचे पाय जमिनीवर नव्हते. आता फक्त इंजिनाची ट्यून, म्हणजे त्याची कॉम्प्युटरमधली सेटिंग, निवडायची होती, म्हणून तो शहापूरला जीवनभाऊंच्या गॅरेजात आला. भाऊंनी लॅपटॉपवर तीन ट्यून दाखवल्या. पहिली सौम्य, दुसरी मधली आणि तिसरी पार अंगावर येणारी.

"तिसरीच टाका जी. साकोलीच्या कैलाशच्या गाडीत तीच आहे."

"तिले महागवालं पेट्रोल लागते. साध्यावर इंजिन ठोकते, पिस्टन फुटते. तू कोणतं भरतेस?"

"आज नागपूरवरून महागवालंच आणलं ना!"

"आन रोज?"

"रोज गावातलं, साधं." वीरेंद्र चिडला. "पण पहिलीच टाकायची होती, त एवढा मोठा टर्बो कायले बसवला मी?"

भाऊंनी लॅपटॉप बाजूला सारला. "तलावापासून लांब तुमची धानाची बांदी आहे, तिथं औंदा कोणता धान लावला गा?"

"हलका. लवकर निघते. तिथवर शेवटचं पाणी पोचत नाही. एकदा बाबानं शेजाऱ्याचं पाहून भारी, उशिरा निघणारा धान लावला, त लोंबी भरायच्या आधीच वाळला. दाणा नाही, नुसती तणस हाती..."

वीरेंद्रची नजर लॅपटॉपकडं वळली. भाऊ शांतपणे चष्मा पुसत होते.

"टाका पहिलीच," तो पुटपुटला. "पण कैलाशनं विचारलं, त तिसरी सांगजा."

"सांगतो ना," भाऊ हसले. "त्यानं बी मले, 'वीरेंद्रनं विचारलं, त तिसरी सांगजा,' असंच सांगून ठेवलं आहे."