सकाळची उंची

पार्कचं फाटक नऊला उघडतं. म्हणजे सव्वाआठला रांगेत उभं राहायचं, म्हणजे साडेसहाला घर सोडायचं, म्हणजे पाचला उठायचं. आत्याने हा सगळा बेत असा शेवटाकडून सुरुवातीकडे, पँटचा नमुना काढायच्या खाकी कागदावर खडूने आखला आणि प्रत्येक टप्प्याला दहा मिनिटं जास्तीची सोडली. शिवणीसाठी मार्जिन न सोडता तिने आजवर काही कापलं नव्हतं, मग हा रविवार तरी ती अगदी बेताचा कसा कापणार?

घराची पुढची खोली म्हणजे आत्याचं दुकान. बावीस वर्षं ती तिथे पुरुषांच्या पँटा शिवत होती. मागच्या खोल्यांत तिचा धाकटा भाऊ, लिफ्टदुरुस्तीवाला, त्याची बायको दातांच्या दवाखान्यात मदतनीस, आणि त्यांच्या दोन मुली. थोरली दहा वर्षांची. चण लहान आणि भिरभिर फिरण्यात पटाईत, म्हणून आत्याने तिला शिलाई मशीनमधल्या दोऱ्याच्या चकतीचं नाव ठेवलं होतं, बॉबिन. धाकटी तिच्यापेक्षा तेरा महिन्यांनी लहान, पण वाढली होती अशी सरळ वर, की तिला सगळे शिडी म्हणायचे.

दुखणं नेमकं तिथेच होतं. गेल्या वर्षी सगळे पार्कात गेले तेव्हा सगळ्यांत मोठ्या झोक्याच्या गाडीपाशी, जी रुळांवरून उलटी होऊन जाते, तिथे एक खांब होता. एकशे तीस सेंटिमीटरवर आडवी दांडी. डोकं दांडीला लागलं तर आत, नाही तर बाहेर. शिडीचं डोकं टेकलं. बॉबिन दांडीखालून सुळकन पलीकडे गेली आणि रांगेतले लोक हसले. मग धाकटी बापाबरोबर वर ओरडत फिरली, आणि थोरली खाली धाकटीच्या चपला हातात धरून उभी राहिली. बॉबिन रडली नाही. घरी येताना गाडीत तिने फक्त एवढंच विचारलं, "आत्या, मी तिच्या आधी जन्मले ना?"

त्या प्रश्नाने आत्याच्या काळजाला घरं पडली. त्याच रात्री तिने शब्द दिला, "पुढच्या खेपेला तू त्या गाडीत बसशील. माझ्यावर सोड."

आणि आत्याने एकदा हाती घेतलेलं काम अर्धवट राहिल्याचं कुणाला आठवत नव्हतं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बॉबिनला दाराच्या चौकटीला टेकवून उभं करायचं, डोक्यावर वही आडवी धरायची, पेन्सिलने रेघ मारायची आणि गळ्यातली कापडी टेप खालपासून वर लावायची. गळ्यातली टेप अंघोळ आणि झोप सोडली तर कधी उतरत नसे. घरात त्या टेपचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. दोन महिन्यांपूर्वी शाळेत आरोग्य तपासणी झाली आणि बॉबिन नाचत कागद घेऊन आली, त्यावर लिहिलं होतं एकशे एकतीस. आत्याने टेप लावली. एकशे एकोणतीस.

"शाळेची पट्टी भिंतीवर वाकडी ठोकली असणार," आत्या म्हणाली. "त्यांना काय, चारशे पोरं एका दिवसात उरकायची. पुन्हा खांबापाशी जाऊन हसं करून घ्यायचंय का?"

बॉबिनने कागद घडी घालून दप्तरात ठेवला. भावाने "ताई, पण..." एवढंच म्हटलं आणि ताईच्या भुवया पाहून वाक्य गिळलं.

या महिन्याच्या पहिल्या रविवारी मात्र चौकटीवरची रेघ एकशे तीसला शिवली. पण कधी? सकाळी. संध्याकाळी पुन्हा एकशे एकोणतीस. घरच्यांना वाटलं आत्या चुकली. आत्या हसली. "माणूस सकाळी लांब असतो नि संध्याकाळी आखूड. दिवसभर पाठीचा कणा दबतो. सकाळी माप दिलेल्या गिऱ्हाइकाची पँट संध्याकाळी बुटावर लोळते, ते उगाच? आमच्या धंद्यात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं."

मग बेत ठरला. बॉबिनला खांबापाशी न्यायचं ते सकाळची उंची शाबूत असतानाच. खाकी कागद भिंतीवर लागला. पुढच्या रविवारी पाचला उठायचं, पण बॉबिनने उठायचं नाही, तिने आडवंच राहायचं. तिला गादीसकट गाडीच्या मागच्या भागात ठेवायचं. दूध नळीने प्यायचं. फाटक उघडलं की लोक आधी उजवीकडच्या पाण्याच्या घसरगुंड्यांकडे धावतात, आपण डावीकडून तळ्याकाठच्या वाटेने थेट मागे जायचं. बॉबिन बापाच्या खांद्यावर.

"खांद्यावर बसली तर कणा दबेल," शिडीने शंका काढली. ती हुशार होती, आणि बहिणीच्या हातातल्या त्या चपला तिलाही वर्षभर टोचत होत्या.

"मग आडवी न्या," आत्या म्हणाली.

"ताई, मी लिफ्टवाला आहे, हमाल नाही."

"आठवडाभर दुसऱ्यांना वर-खाली नेतोस, एक दिवस पोरीला ने."

बहीण-भावाच्या या वादात भावजय कधी पडत नसे, पण आता तिनेही हळूच विचारलं, "ताई, मला तिच्या शेजारी बसायचंय ना? एकशे चाळीसच्या आतल्या मुलांबरोबर मोठं माणूस लागतं. मला साध्या पाळण्यातही गरगरतं हो."

"डोळे मीट आणि बस. मी बसले असते, पण मला स्टुलावर चढलं तरी पाय लटपटतात. सगळ्यांनी सगळं करायचं नसतं."

रविवार उजाडला तो कागदाबरहुकूम. भावाच्या किल्ल्या हरवणार हे गृहीत धरून आत्याने त्या आदल्या दिवशीच आपल्या सुयांच्या डब्यात टाकल्या होत्या. साडेसहाला गाडी निघाली. मागे बॉबिन चादरीखाली सरळसोट पडून छताकडे बघत होती आणि दर वळणावर ओरडत होती, "आत्या, मी अजून लांब आहे का?"

"आहेस! बोलू नकोस, बोलण्यानेही माणूस झिजतो."

सव्वाआठला ते फाटकापाशी पोचले तेव्हा पुढे फक्त दोन कुटुंबं होती. आत्याची मान ताठ झाली. नऊला फाटक उघडलं, गर्दी उजवीकडे फुटली आणि आत्याची पलटण डावीकडे. तळ्याकाठी माळी रोपांना पाणी घालत होता. एक बाप दहा वर्षांच्या मुलीला दोन्ही हातांवर आडवी घेऊन घामाघूम धावतोय आणि मागून गळ्यात टेप घातलेली एक बाई "पाठ वाकवू नकोस!" म्हणून दरडावतेय, हे बघून माळ्याच्या नळीचं पाणी त्याच्याच बुटात गेलं. नऊ वाजून अकरा मिनिटांनी ते मोठ्या झोक्याच्या गाडीपाशी होते. रांगेत सगळ्यांत पहिले.

आणि आत जायच्या वाटेची साखळी लावलेली होती. पाटी लटकत होती, चाचणी सुरू आहे. वर रिकाम्या गाड्या खडखडत फिरत होत्या.

"किती वेळ?" आत्याने भावाला विचारलं.

"रिकाम्या फेऱ्या मारून बघतात. आम्हीही लिफ्टला बघतो. अर्धा तास, कदाचित पाऊण."

पाऊण तास म्हणजे सगळी मार्जिन एका फटक्यात संपली. भावजयीचा चेहरा पडला. बॉबिन बापाच्या हातावरून घाबरून बघू लागली, जणू ती आत्ताच मिलिमीटर मिलिमीटरने वितळत होती. आत्या मात्र डगमगली नाही. तिने पिशवीतून चादर काढली, रांगेतल्या फरशीवर अंथरली आणि म्हणाली, "झोप."

"इथे? सगळे बघतायत."

"बघू देत. गेल्या वर्षी बघितलंच की. यंदा जरा वेगळं बघतील."

बॉबिन आडवी झाली. दोन मिनिटांनी मागच्या रांगेतल्या एका बाईने दबक्या आवाजात विचारलं, "बरं नाही का हिला?" आत्याने कारण सांगितलं, तेही खणखणीत आवाजात. त्या बाईने आपल्या मुलाकडे पाहिलं, मग दांडीकडे, आणि आपली ओढणी फरशीवर अंथरली. पंधरा मिनिटांत नऊ पोरं ओळीने आडवी पडली होती. शिडीला गरज नव्हती, तरी तीही बहिणीशेजारी जाऊन पडली आणि दोघी वरच्या रिकाम्या गाड्या मोजत राहिल्या. एक आजोबा आत्याला विचारून गेले, की मोठ्या माणसांना याचा काही उपयोग होतो का.

शेवटी साखळी निघाली. खांबापाशी निळ्या टोपीचा मापवाला येऊन उभा राहिला. आत्याने बॉबिनला हाताला धरून पाटासारखं सरळ उभं केलं. "टाचा टेक. हनुवटी आत. श्वास घे." 

मापवाल्याने तिला दांडीला लावून उभं केलं. बॉबिनचं डोकं दांडीच्या वर निघालं. त्याने वाकून पाहिलं. "जा आत. चांगली दोन बोटं जास्त आहे."

बॉबिनने किंकाळी फोडली. शिडीने तिला उचललं. भावजयीचा जीव भांड्यात पडला. आणि आत्या म्हणाली, "शक्यच नाही."

"अं?" मापवाला म्हणाला.

"दोन बोटं कशी? ही बरोबर एकशे तीस आहे. मी गेल्या रविवारी सकाळी मोजलीय. तुमचा खांब चुकतोय."

"ताई!" भावाने तिचा दंड धरला. "तो हो म्हणतोय! हो म्हणणाऱ्याशी कुणी भांडतं का?"

"हो काय! उद्या हा खांब कुणाला उगाच आत घेईल नि कुणाला उगाच बाहेर ठेवेल. माप म्हणजे माप." तिने गळ्यातली टेप सर्रकन काढली. "धर ते टोक."

भावाने टोक धरलं नाही. त्याने कमरेच्या किल्ल्यांच्या जुडग्यातून आपली छोटी पोलादी टेप काढली, जी तो लिफ्टच्या दारांना लावायचा, आणि दोन्ही टेपा कठड्यावर शेजारीशेजारी पसरल्या. शून्याला शून्य. दहाला दहा, जवळजवळ. पन्नासला थोडी फट. आणि आत्याच्या टेपवर जिथे शंभर लिहिलं होतं, तिथे पोलादी टेप एकशे एक ओलांडून आणखी अर्धा सेंटिमीटर पुढे गेली होती.

कापडी टेप बावीस वर्षं ओढली जात होती. कमरांभोवती, मांड्यांभोवती, मेजाच्या कडेवर. ती ताणली होती. आणि कुणाच्या कधी लक्षात आलं नव्हतं, कारण माणूसही तिनेच मोजला जायचा आणि कापडही तिनेच. एकाही गिऱ्हाइकाची पँट चुकली नव्हती. आत्याची टेप आणि जगाची टेप समोरासमोर यायची वेळ आज पहिल्यांदा आली होती.

आत्या कठड्याला टेकली. तिला पँटा आठवल्या नाहीत. तिला आठवला शाळेचा कागद, एकशे एकतीस लिहिलेला, आणि तो घडी घालून दप्तरात ठेवणारे छोटे हात. शाळेची पट्टी सरळच होती. ही पोर तीन-चार महिन्यांपूर्वीच दांडीला लागली होती, आणि दर महिन्याला चौकटीपाशी उभी राहून आत्याच्या तोंडून ऐकत होती, "अजून नाही." खांबाने तिला एकदाच बाहेर ठेवलं होतं. त्यानंतर बाहेर ठेवलं ते आत्यानेच.

बॉबिन उड्या मारत आली. "आत्या, पाहिलंस? झोपून झोपून मी दोन बोटं वाढले! तुझा बेत कसला भारी!"

भावाने ताईकडे पाहिलं आणि डोळ्यांनीच सुचवलं, की असू दे, पोर खूश आहे. आत्याला तो मोह झाला, नाही असं नाही. पण मापात खोटं तिला कधी जमलं नव्हतं.

"नाही गं बाई," ती म्हणाली. "तू आधीच वाढली होतीस. शाळेचा कागद खरा होता. माझी टेप खोटी निघाली, नि मी तुला उगाच थांबवलं. चुकलं माझं."

बॉबिनने दोन्ही टेपा नीट पाहिल्या, शंभराच्या आकड्यावर बोट ठेवलं. मागे रांग खोळंबली होती. मग तिने विचारलं, "म्हणजे शिडीपण तू मोजलीस त्याहून उंच आहे?"

"हो."

"बाबापण? आईपण?"

"सगळंच घर."

"आणि तू?"

आत्याने आपली उंचीही याच टेपने कधीतरी मोजली होती. "मीही असेन," ती म्हणाली.

"मग तूच चल माझ्या शेजारी," बॉबिन म्हणाली. "आईला गरगरतं. आणि तू चुकलीस ना, मग तुला यायलाच लागेल."

आत्याने भावजयीकडे पाहिलं. भावजय इतक्या घाईने बाजूला सरकली, की तिथे बोलायला काही उरलंच नाही. आत्याने वर पाहिलं. रूळ एका ठिकाणी पूर्ण उलटे झाले होते. पण पोरीने हात पुढे केला होता आणि तो हात परत पाठवायची ताकद आज तिच्यात नव्हती.

"चल," ती म्हणाली.

गाडीशी मापवाल्याने तिला अडवलं. "बाई, गळ्यात काही चालणार नाही. ते काढून ठेवा."

गोंधळात तिने टेप पुन्हा गळ्यात घातली होती, सवयीने. तिने ती काढली, गुंडाळली आणि खाली उभ्या असलेल्या भावजयीच्या हातात दिली. मान एकदम उघडी पडल्यासारखी वाटली. लोखंडी पट्टा मांड्यांवर आला, गाडीने हिसका दिला आणि हळूहळू चढ चढू लागली. पुढच्या बाकावरून, बापाशेजारी बसलेली शिडी मागे वळून बघत होती.

"आत्या," बॉबिन म्हणाली, "डोळे मिटायचे नाहीत. गेल्या वर्षी शिडीने सबंध वेळ मिटले होते, मला परवाच सांगितलंय तिने."

"नाही मिटत," आत्या म्हणाली, आणि पोरीचा हात घट्ट धरून तिने डोळे सताड उघडे ठेवले.