जरा पंचाईत

हेझल ब्रॉकल्सबी बाईंनी इंग्लंडातल्या ग्रिम्झबीत आयुष्यभर परक्यांना इंग्रजी शिकवलं, आणि इतकं चोख शिकवलं की त्यांच्या हाताखालून गेलेल्या माणसाला या देशात धड बोंबही मारता येत नाही.

शाळेतून निवृत्त झाल्या तरी चर्चच्या मागच्या हॉलमधला मंगळवारचा वर्ग बाईंनी सोडला नव्हता. कुणी पोलंडचा, कुणी कुर्दी, कुणी लाटव्हियाची. बहुतेक सगळे मासळीच्या कारखान्यातून थेट यायचे, अंगाला हॅडॉकचा वास घेऊन. व्याकरणाचं बाईंना फारसं काही नव्हतं. त्या घोकून घ्यायच्या ते वळण. कुणी कसं काय विचारलं तर रडगाणं गायचं नाही, ‘बरं चाललंय, तक्रार नाही’ म्हणायचं. समोरचा ‘सॉरी’ म्हणाला की ‘छे छे, त्यात काय एवढं’ म्हणायचं. आपला पाय कुणी तुडवला तरी माफी आधी आपण मागायची. कारखान्याच्या मालकाला हे विद्यार्थी इतके आवडायचे की दर नाताळला तो बाईंकडे मासळीची पेटी पाठवायचा. का पाठवतो, हा प्रश्न बाईंना कधी पडला नाही.

वर्गातला हिवा नावाचा कुर्दी न्हावी दुकानाची निसटलेली पाटी लावताना शिडीवरून पडला. तंगडी मोडलेली. तशात त्यानं अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांना फोनवर सांगितलं, तुम्हाला उगाच त्रास देतोय, माफ करा, सवडीनं या. ते सवडीनं आले. तोवर आत खुर्चीत अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक बसलं होतं, त्याला हा फुटपाथवरनं ‘आलोच हं’ म्हणत होता. बाईंनी हा किस्सा वर्गाला सांगितला तेव्हा त्यांचा ऊर भरून आला होता.

झिंत्राच्या वेळी मात्र त्यांचे डोळे उघडले.

झिंत्रा लाटव्हियाची. बर्फातले मासे कापून तिच्या बोटांत मुंग्या कायमच्या मुक्कामाला आल्या होत्या, आणि खुब्याचं हाड झिजून पार कामातून गेलं होतं. राहायला तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. नगरपालिकेनं तिला तळमजल्याचं घर द्यावं म्हणून अर्ज केला होता. साहेब येऊन विचारून गेले, जिना कसा काय झेपतो? झिंत्रानं हसून सांगितलं, बरं चाललंय, तक्रार नाही. साहेबांनी तक्रार नसल्याची नोंद केली आणि अर्ज फेटाळला.

बाईंना हे कळलं ते त्या तिच्याकडे गेल्या तेव्हा. झिंत्रा दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसून पाव आणि उकडलेलं अंडं खात होती. वर पोचेपर्यंत भूक लागते, म्हणून डबा वाटेतच उघडायची.

फेरसुनावणी एकदाच मिळणार होती. बाईंनी मनाशी ठरवलं की आता हिला कण्हायला शिकवायचं. वर्ग संपल्यावर दोघी बसायच्या. पण शिकवणार काय? बाईंनी जन्मात कधी तक्रार केली नव्हती. सुपात माशी निघाली तर त्या माशी बाजूला काढून वेटरचे आभार मानायच्या. शेवटी एक वाक्य जमलं: ‘मला फार दुखतं, मला जिना चढवत नाही.’ झिंत्रानं ते पाठ केलं. फक्त शेवटी ‘थँक्यू’ म्हणायची. ते काही सुटेना.

सुनावणीला पेल नावाचे साहेब होते. पोरसवदा, गोड स्वभावाचे. त्यांनी चहा मागवला, तिथंच अर्धी बाजी हातची गेली. चहा पाजणाऱ्यापुढं कुरकुरायचं कसं?

तरी झिंत्रानं वाक्य म्हटलं, ‘थँक्यू’सकट. पेलसाहेबांचा चेहरा पडला. “अरेरे, सॉरी हो, ऐकून फार वाईट वाटलं.”

आणि झिंत्राच्या तोंडून, इतक्या वर्षांच्या घोकंपट्टीनं, आपसूक निघालं, “छे छे, त्यात काय एवढं.”

बाईंनी टेबलाखालून तिला लाथ मारली. झिंत्रानं माफी मागितली.

साहेब बाईंकडे वळले. “मिस ब्रॉकल्सबी, तुम्ही यांना नेहमी बघता. तुम्हीच सांगा.”

बाईंना सांगायचं होतं की ही बाई पायरीवर बसून जेवते. हात टेबलावर आपटायचा होता. तोंड उघडलं, आणि अख्खं इंग्लंड घशात आडवं आलं.

“जिन्यात जरा पंचाईत होते,” बाई म्हणाल्या.

“जरा?”

“म्हणजे... अगदीच सोयीचं आहे, असं नाही म्हणता येणार.”

आपण काय बोलतोय ते बाईंना ऐकू येत होतं. पण दुसरं वाक्य येईना. पेलसाहेबांनी समाधानानं मान डोलावली. झिंत्राचं इंग्रजी किती सुरेख आहे म्हणाले, आणि याचं श्रेय कुणाचं ते दिसतंच आहे, असंही म्हणाले. अर्ज नामंजूर. तळमजल्याचं घर आरडाओरडा करणाऱ्या कुणाला तरी मिळालं.

परतताना बाईंनी झिंत्रासाठी बटाटे घेतले, वर पोचवते म्हणाल्या. पहिल्या मजल्यावर दोघींचा दम उखडला. दोघी पायरीवर टेकल्या.

“मला शिव्या दे गं,” बाई म्हणाल्या. “तुझ्या भाषेत दे. मला काही कळायचं नाही.”

झिंत्रानं एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि सुरू झाली. हळू आवाजात, पण थांबता थांबेना. मधे थुंकली, मधे छाती बडवली, एकदा रडली. इतकी वर्षं समोर बसणारी ही बाई अशी बोलते, हे बाईंना ठाऊकच नव्हतं.

“काय म्हणालीस?” ती थांबल्यावर बाईंनी विचारलं.

झिंत्रानं खूप शोधलं. ओठ हलले, बोटं हलली. मग तिनं मान हलवली. “इंग्रजीत नाही येत बाई मला.”

कठड्याला धरून ती उठली. बाईही उठल्या. बटाट्याची पिशवी दोघींनी मधे धरली आणि दुसऱ्या मजल्याकडे निघाल्या.