पहिलं रक्त दादाचं

गॅसच्या विहिरींपासून वस्तीतलं सगळ्यात जवळचं घर चारशे मीटरवर होतं. दवाखान्यातली सिस्टर याच वस्तीत लहानाची मोठी झाली होती. विहिरींमुळे लोकांच्या तब्येतीवर काय परिणाम होतोय याची पाहणी करायची ठरली, तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मुद्दाम तिलाच बरोबर घेतलं. "परक्याला कुणी दार उघडणार नाही," त्या म्हणाल्या, "तुला उघडतील."

दारं उघडली, चहाही मिळाला. उत्तरं काही मिळेनात. डोकं दुखतं का? नाही. चक्कर? छे. मुलांच्या नाकातून रक्त येतं? "ऊन बाधतं हो कधीकधी." बाराव्या घरातही तंतोतंत हेच शब्द ऐकल्यावर तिच्या लक्षात आलं, की यांना कुणीतरी पढवून ठेवलंय. कुणी, ते विचारायची तिला गरज नव्हती.

तिचा थोरला भाऊ एकोणीस वर्षं विहिरींजवळच्या टाक्यांवर कामाला होता. गॅसबरोबर वर येणारं तेल त्या टाक्यांत साठायचं. शिडीने वर चढायचं, झाकण उघडायचं, आत मोजपट्टी सोडून पातळी बघायची. झाकण उघडताच वाफेचा भपकारा थेट तोंडावर यायचा. तो सगळ्या वस्तीचाच दादा होता. त्याचा शब्द कुणी खाली पडू देत नसे.

"पाहणी झाली की तू जाशील निघून," दादा तिला म्हणाला. "विहिरी बंद पडल्या तर आम्ही सगळ्यांनी काय करायचं?"

"बंद करा असं कोण म्हणतंय? नुसतं रक्त तपासायचंय."

"लोक घाबरतात."

"लोक, की तू?"

हे त्याला चांगलंच झोंबलं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात तिने टेबल मांडलं, तेव्हा तो सगळ्यांदेखत येऊन समोर बसला आणि त्याने बाही वर केली. "घे, पहिलं माझं. काही निघालं तर मग बोला."

मागे त्याचा टाक्यांवरचा जोडीदार उभा होता. तोंडाला क्षणाची उसंत नाही म्हणून त्याला सगळे रेडिओ म्हणत. "दादाच्या अंगात रक्त कुठलं, तेलच आहे," तो म्हणाला. "सिस्टर, जवळ काडी ओढू नका हं!" सगळे खो खो हसले. दादाचा निकाल येऊ दे, मग आम्ही देतो, असं तिथल्या तिथे ठरून गेलं.

आठ दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी दादाला दवाखान्यात बोलावून दार लावून घेतलं. त्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी निम्म्यावर आल्या होत्या. "टाकीतल्या वाफेत बेंझीन असतं. हाडांच्या आत जिथे रक्त तयार होतं, तिथेच ते घाला घालतं. आजपासून टाकीवर चढायचं नाही."

बाहेर आल्यावर दादा बहिणीला म्हणाला, "कुणाला सांगायचं नाही."

"अरे, सगळे तुझ्यासाठी थांबलेत!"

"रक्त माझं आहे. माझ्या परवानगीशिवाय तुला सांगता येतं का?"

येत नव्हतं. फॉर्मवरचं ते वाक्य तिनेच त्याला वाचून दाखवलं होतं.

रेडिओने रस्त्यातच गाठलं. "काय निघालं?"

"काही नाही," दादा म्हणाला. सिस्टर हातातले कागद सारखे करत राहिली.

दुसऱ्या दिवशी टेबलाशी कुणी फिरकलं नाही. दादाने पाठदुखीचं निमित्त सांगून खालचं काम मागून घेतलं, आणि त्याच्या वाटणीच्या टाक्याही रेडिओकडे गेल्या.

तिला राहवेना. तिने रेडिओला अडवलं. "तुम्ही तरी रक्त देऊन टाका."

"दादाचं काही निघालं नाही, मग माझं काय निघणार?"

"प्रत्येकाचं वेगळं असतं."

"काही लपवताय का सिस्टर?" त्याने हसत विचारलं.

"नाही हो," ती म्हणाली.

चार महिन्यांनी रेडिओच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. अंगावर निळे डाग उठले. रक्ताचा कर्करोग होता. शेवटच्या आठवड्यात त्याने बोलणंच सोडलं. तीन आठवड्यांत सगळा खेळ आटोपला.

"हे चार महिन्यांत झालेलं नाही, जुनंच असणार," डॉक्टरीणबाई दादाला म्हणाल्या. "मात्र तेव्हा कळलं असतं तर कदाचित..."

दुसऱ्या दिवशी पाळी सुटताना दादा विहिरींच्या फाटकात उभा राहिला. "मी खोटं बोललो," तो म्हणाला. "माझं रक्त बिघडलेलं होतं. मला माहीत होतं."

मग एक जण थुंकला. "आणि तुझी बहीण?"

"तिचं तोंड मी बांधून ठेवलं होतं."

त्यानंतर दोघं घरोघर फिरली. ती पुढे, नळ्यांची पेटी घेऊन दादा मागे. एकसष्ट जणांनी रक्त दिलं, त्यांतल्या एकोणीस जणांचं बिघडलेलं निघालं. अहवाल वर गेला. टाक्यांवर चढणं बंद झालं, पातळी खालूनच यंत्रावर दिसू लागली. वस्ती लांब हलवावी असंही अहवालात लिहिलं होतं. त्याबद्दल कुणी काही कळवलं नाही. विहिरी चालूच राहिल्या. दादाची तब्येत ना सुधारली, ना फार ढासळली. जिना चढताना तो मध्ये थांबायचा, एवढंच.

रेडिओच्या घराचं दार तेवढं दोनदा वाजवूनही उघडलं नव्हतं. तिसऱ्यांदा त्याच्या बायकोने उघडलं. तिने दादाकडे बघितलं.

"हा आत नको."

दादाने पेटी उंबऱ्यावर ठेवली आणि तो रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिला.

रेडिओची बायको खुर्चीवर बसली, तिने हात पुढे केला. सिस्टर दंडाला पट्टी आवळत असताना तिने विचारलं, "तुम्हालाही माहीत होतं ना?"

"हो."

"आणि ह्यांनी विचारलं होतं तुम्हाला. घरी येऊन सांगितलं होतं मला."

सिस्टरने सुई हातात घेतली. तिला वाटलं, आता ही हात मागे घेणार. तिने घेतला नाही. नळी भरली, कापूस दाबून झाला.

मग बायकोने आतल्या खोलीकडे वळून मुलीला हाक मारली. "हिचंही घ्या," ती म्हणाली. "आणि निकाल आला की आधी मला सांगा. खरं काय ते."