रोज दुपारी दीडचा पाऊस

मोबाईलवर हवामानाचा अंदाज आला तेव्हा सयाजी पारावर बसून तंबाखू मळत होता. भुदरगडच्या डोंगर-खोऱ्यांत उन्हाळा कसा राहील, ते त्यात लिहिलं होतं. माथ्यावर कडक ऊन, खोऱ्यात उकाडा, कुठंकुठं वळीव. इथवर ठीक होतं. पण खाली म्हटलं होतं की त्याच्या वाडीत गेल्या दहा दिवसांत सत्तर मिलिमीटर पाऊस पडलाय. सयाजीनं मान वर करून बघितलं. आभाळ घासलेल्या परातीसारखं लख्ख होतं आणि वाडीत पावसाचा टिपूस पडला नव्हता.

हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. झरे आटले होते, विहिरीनं तळ गाठला होता, आणि याच आकड्यावर बोट ठेवून वाडीचा टँकर नामंजूर झाला होता. "तुमच्याकडं पाऊस हाय की," असं ऐकून सरपंच बाळासो गारगोटीच्या तहसील कचेरीतून हात हलवत परत आला होता.

हा आकडा यायचा शाळेमागच्या हवामानयंत्रातून. जाळीच्या कुंपणात एक खांब, खांबावर भिरभिरणाऱ्या वाट्या, आणि कुंपणाला अगदी लागून पाऊस मोजायचं पांढरं नरसाळं. यंत्राची देखभाल दीप्ती करायची. प्रसेनजीत मास्तरांची लेक, शेतीची पदवी घेतलेली. कुंपणाची किल्ली तिच्याकडं, म्हणजे लबाडीही तिचीच, असं सयाजीनं ठरवून टाकलं.

आता सयाजी जन्माचाच संशयी. डेअरीतल्या फॅटवर त्याचा संशय, दुकानदाराच्या काट्यावर संशय, जावई जरा जास्त हसला तरी संशय. त्यानं घरोघर फिरून सह्या घेतल्या. दीप्तीला कामावरून काढा, असा ठराव शुक्रवारच्या ग्रामसभेत यायचा होता.

दीप्तीनं त्याला वाटेत गाठलं. "तात्या, यंत्रात कायतरी गडबड हाय. मी वर कळवलंय."

"गडबड यंत्रात न्हाय, माणसात हाय!" सयाजी चार घरांना ऐकू जाईल असं बोलला.

पुरावा हवा म्हणून तो रोज सकाळी शाळेमागच्या करंजाखाली दबा धरून बसू लागला. दीप्ती यायची, यंत्रावरची काच पुसायची, वहीत काहीतरी लिहायची, त्याच्याकडं एकदा रोखून बघायची आणि निघून जायची. एवढं काय लिहिते ही? त्याचा संशय आणखी फुगला. शुक्रवारी तो भाकरी बांधून घेऊनच गेला आणि दुपारीही तिथून हलला नाही.

ऊन रणरणत होतं. सगळी वाडी दारं लोटून पडली होती. तेवढ्यात बोळातनं कुणीतरी आलं. डोक्यावर पदर, एका हातात किटली, दुसऱ्या हातात लांब दांड्याची पळी. सयाजीनं डोळे चोळले. ती त्याची बायको होती, बायडाबाई.

तिनं पळीत पाणी घेतलं, कुंपणावरून हात लांबवला आणि ते अलगद नरसाळ्यात ओतलं.

"बायडे! काय करतीस?"

"अगंबाई! केवढ्यानं वरडताय!" तिनं छातीवर हात ठेवला. "पाखरांना पानी घालतोय. सरकारनं एवढी वाटी बांधली, पर भराय कोन येत न्हाय. चिमण्या नुसत्या काठावर बसून टकाटका बघत्यात. म्हून माज्या आंगुळीतलं राखून ठेवतोय."

"रोज?"

"व्हय. आन् एवढी तहानल्यात बिचारी, दुसऱ्या दिशी बघावं तर थेंब ऱ्हात न्हाय."

सयाजी तिथंच मातीत बसला. दुसऱ्या कुणी हे बघितलं नव्हतं. गप्प बसलं की काम भागत होतं. संध्याकाळी ठराव झाला असता, पोरगी गेली असती, आणि बायडाबाईला जन्मभर कुणी काही म्हटलं नसतं. त्याला मोह झाला, आणि मोह झाला याची त्याहून जास्त लाज वाटली.

ग्रामसभेत बाळासोनं ठराव वाचला. "हात वर करा."

हात वर व्हायच्या आधी सयाजीच उठला. "थांबा. त्यो पाऊस माज्या घरातनं पडलाय." मग त्यानं किटलीपासून पळीपर्यंत सगळं सांगितलं. आधी कुणाला पटेना, मग मागची पोरं हसली आणि हळूहळू सगळेच हसले. बायडाबाईनं पदर तोंडावर ओढला.

"सह्या म्या घेतल्या," सयाजी दीप्तीकडं बघून म्हणाला. "चूक माजी हाय."

दीप्तीनं वही उघडली. "रोज दुपारी दीडला पाऊस, फक्त पाच मिनिटं. मी तीनदा कळवलं, पर कोन ऐकंना." तिनं वही मिटली. "आन् तात्या, तुमी रोज करंजाखाली बसलेलं दिसायचासा. मला वाटलं, हे तुमचंच काम हाय."

एरवी सयाजीनं सभा डोक्यावर घेतली असती. आज तो नुसता मान हलवून खाली बसला. ठरावाचा कागद बाळासोनं फाडला आणि टँकरचा नवा अर्ज लिहायला घेतला.

घरी परतताना बायडाबाई अंगणाच्या तोंडाशी थांबली.

"अवं, ते पानी समदं यंत्रातच गेलं?"

"व्हय."

"म्हंजी पाखरांनी काय प्यालंच न्हाई?"