मागच्या सीटवरचं बोलणं

चष्मेवाल्यांच्या मोटारसायकलला सगळी कॉलनी म्हैस म्हणायची. हे नाव काही कॉलनीनं ठेवलेलं नव्हतं, त्यांच्या बायकोनंच ठेवलं होतं. गाडी घरी आली त्या दिवशी तिनं तिच्याभोवती एक फेरी मारली, दोन्ही बाजूंच्या पेट्या उघडून बघितल्या, पुढच्या उंच काचेवर टकटक केलं आणि म्हणाली, "अहो, ही गाडी कसली, ही तर म्हैस. हिला धुवायला आता तळंच लागेल." तेव्हापासून म्हैस ती म्हैसच.

लांबच्या प्रवासाच्या या गाड्यांचं लोकांना भलतंच कौतुक. येऊन विचारतात काय, तर ताशी किती पळते. अरे बाबांनो, पळताना ती शहाणीच असते. मोठ्या रस्त्याला लागली की बोटभर जोरावर वळते. तिची खरी परीक्षा थांबताना. वजन चारशे किलोंच्या घरात, त्यात टाकी भरलेली, मागे माणूस बसलेलं. अशात पाय जरा वाळूवर पडला किंवा हँडल वाकडं राहिलं की ती कललीच. आणि एकदा कलली की पहिलवानानंही तिला सावरायला जाऊ नये, हात सोडावेत आणि बाजूला व्हावं. चष्मेवाले हे येईल त्याला सांगत, पण ऐकतो कोण. सगळे ताशी किती यावरच अडलेले.

म्हणून नवरा-बायकोची एक पद्धत ठरलेली होती. ते दोन्ही पाय रोवून, ब्रेक दाबून "ये" म्हणत, मगच ती डावीकडून चढे. चढली की त्यांचा खांदा दाबे, मगच गाडी हले. उतरतानाही "उतर" ऐकल्याशिवाय उतरायचं नाही. याला अपवाद एकच. गाडीला मागे घ्यायचा गिअर नव्हता. चढावर गाडी मागे घ्यायची वेळ आली की ती न सांगता उतरे, मागे जाऊन उभी राही आणि हात हलवत "या, या, अजून या" करत त्यांना खाली आणे. या कामात ती इतकी तरबेज होती की चष्मेवाले आरशात बघायचेही कष्ट घेत नसत.

बाई नोकरीभर टेलिफोन एक्सचेंजात ऑपरेटर. बोलणं हाच धंदा, आणि घरी आल्यावर धंद्याला सुट्टी नाही. दोघांच्या हेल्मेटमध्ये एकमेकांशी बोलायचं यंत्र बसवल्यावर तर विचारूच नका. तिचा आवाज थेट चष्मेवाल्यांच्या कानात. ती म्हणे, पुढे घाट आहे; हे म्हणत, हं. मला भूक लागली, हं. तुमच्या बहिणीनं तेव्हा मला तसं बोलायला नको होतं, हं. अशा हं-हं वर त्यांनी अर्धं आयुष्य आणि किती मुलूख पालथा घातला. मुलगी म्हणायची, बाबांनी लग्नात सुद्धा हंच म्हटलं असणार.

मग ती विसरायला लागली.

आधी किल्ल्या, मग शेजाऱ्यांची नावं, मग भाजी शिजतेय हेच. चष्मेवाल्यांनी गॅसजवळ उभं राहायला शिकून घेतलं, चष्म्याचं दुकान विकून टाकलं आणि घरात बसले. याचं त्यांना काही वाटलं नाही, म्हणजे वाटलं, पण निभावलं. एका संध्याकाळी मात्र तिनं त्यांना खुर्ची पुढे केली आणि फार अदबीनं म्हणाली, "बसा ना काका. आमचे हे दुकानातून येतीलच एवढ्यात." चष्मेवाले बसले. करणार काय. मीच तो, असं दोनदा सांगून पाहिलं तेव्हा ती घाबरली आणि दाराची कडी लावून आत बसली. तेव्हापासून ते घरात काका झाले. काका चहा करत, काका गोळ्या देत, आणि ती खिडकीत बसून ह्यांची वाट बघे.

म्हैस बरेच दिवस आच्छादनाखाली पडून होती. बॅटरी उतरू नये म्हणून एका सकाळी त्यांनी ती बाहेर काढली, तर ही कपाटातून आपलं हेल्मेट शोधून पाठोपाठ आली. त्यांनी सवयीनं पाय रोवले, सवयीनं "ये" म्हणाले. ती चढली. खांद्यावर हात आला, दाबला गेला, आणि कानात आवाज आला, "अहो, डावा आरसा किती वाकडा झालाय. लक्ष कुठं असतं तुमचं?"

अहो. चष्मेवाल्यांना पुढचं दिसेना. हेल्मेटमध्ये डोळे पुसता येत नाहीत, ही त्या वस्तूची मोठीच गैरसोय आहे.

त्या दिवसापासून रोज सकाळी एक फेरी. गाडीवर असेपर्यंत ती बोले, चिडवे, वळणावर बरोबर त्यांच्यासोबत कले. फाटकात उतरली की पुन्हा काका. काही का असेना, दिवसातला एक तुकडा तरी ते तिचा नवरा होते. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, मुलीलासुद्धा. लाज वाटत होती. सत्तरीला टेकलेल्या माणसानं बायकोच्या तोंडचं एक अहो ऐकायला रोज पेट्रोल जाळायचं, हे सांगणार तरी कुणाला.

आणि मग तो सिग्नल आला. रेल्वेच्या पुलाआधीचा, चांगला चढाचा. लाल दिवा लागला, चष्मेवाले थांबले. उजवा पाय ब्रेकवर, डावा जमिनीवर. तिला चढ दिसला, गाडी थांबलेली दिसली, आणि तिच्या लेखी काम ठरलेलंच होतं. ती न सांगता उतरली. एवढं वजन एका झटक्यात डावीकडे गेलं आणि म्हैस कलली. येईल त्याला सांगायचे ते सगळं चष्मेवाले त्या क्षणी विसरले. हात सोडले नाहीत. सावरायला गेले, आणि गुडघा खाली सापडला.

पण वेदना नंतरची. पडल्या पडल्या त्यांनी मान वळवली तर बायको रस्त्याच्या मधोमध उभी, पाठ मागून आलेल्या ट्रककडे आणि तोंड त्यांच्याकडे, हात हलवत होती. "या, या, अजून या." ट्रकवाल्यानं ब्रेक लावला होता म्हणून ती होती. तो खाली उतरून आईबहिणीवरून बोलत होता आणि चष्मेवाले त्याच्यापुढे हात जोडत होते.

गुडघ्याला पट्टा लागला. मुलगी आली, आईचं सगळं अंग चाचपून बघितलं, मग बापासमोर बसली.

"बाबा, गाडी विकायची."

"गुडघा बरा होऊ दे."

"गुडघा बरा होईल. वय कमी होणार आहे का? आणि आई पुन्हा उतरली तर?"

"तिला बांधून बसवीन."

"काहीतरीच काय बोलता."

तेव्हा चष्मेवाल्यांनी सांगून टाकलं. मान खाली घालून, पट्ट्याचं टोक उगाच काढत आणि चिकटवत. "अगं, त्या सीटवर ती मला ओळखते. फक्त तिथं. गाडी गेली की मी मेलो तिच्या लेखी. मग जन्मभर काका."

मुलगी रडली. बापाच्या पायाशी बसून चांगली रडली. पण ती त्यांचीच मुलगी, डोळे पुसून म्हणाली, "आणि तो ट्रक थांबला नसता तर?" चष्मेवाले हं म्हणाले.

गिऱ्हाईक आलं ते लिफ्ट दुरुस्त करणारं. चाळिशीतला, अंगानं भक्कम, बोलायला मऊ. त्यानं ताशी किती हे विचारलं नाही. "काका, थांबताना कशी वागते?" म्हणाला. चष्मेवाल्यांना तो आवडला, आणि आवडला म्हणून रागही आला.

त्यानं आपलं हेल्मेट घातलं, गाडी फाटकाबाहेर काढली, दोन्ही पाय रोवून उभा राहिला आणि इंजिन चालू केलं. त्या आवाजासरशी बाई घरातून बाहेर. हेल्मेट डोक्यात, पट्टा लावलेला, चाल कशी तरणीसारखी. चष्मेवाले काठी सावरेपर्यंत ती डावीकडून चढली होती. तिनं त्या माणसाचा खांदा दाबला.

"काकू?" तो गोरामोरा झाला. "अहो काका, काकू..."

तिला उतरवायचं म्हणजे तमाशा झाला असता. तिचा चेहरा तर बघा, किती दिवसांनी उजळला होता. "एक चक्कर मारून आणा," चष्मेवाले म्हणाले. "कॉलनीतल्या कॉलनीत. आणि मध्ये कुठं थांबू नका, ती उतरेल." मग जिवाला चैन पडेना म्हणून त्यांनी पायरीवरचं आपलं हेल्मेट डोक्यात घातलं. ती घाबरली, ओरडली तर निदान कळेल.

ती घाबरली नाही.

"अहो," कानात आवाज आला, "आज काय हो इतके जपून? पोटात दुखतंय का?"

चष्मेवाले फाटकाला धरून उभे होते. गाडी दूर कोपऱ्यावर वळत होती, आणि बायको वळणावर बरोबर त्या माणसाबरोबर कलत होती. तस्सीच.

"अहो, ऐकताय ना?"

त्या लिफ्टवाल्याच्या हेल्मेटात यंत्र नव्हतं. त्याला यातलं काही ऐकू जात नव्हतं. "हं," चष्मेवाले म्हणाले. ती खूश झाली, पुढे बोलू लागली, मग इमारती आड आल्या आणि आवाज तुटला.

म्हणजे ते तसं होतं तर. त्यांना वाटत होतं की त्या सीटवर बसून ती त्यांना ओळखते. ती नुसती सीट ओळखत होती. समोर एक पाठ असली, दाबायला खांदा असला आणि कुणीतरी हं म्हटलं की तिचा संसार पुरा होत होता. इतके महिने आपण कसली श्रीमंती मनात मिरवत होतो, असं त्यांना झालं. लाज वाटली, राग आला. हेल्मेट काढायचंही सुचलं नाही.

गाडी परत आली. ती उतरली, फाटकातल्या हेल्मेटवाल्या म्हाताऱ्याकडे बघून हसली आणि लिफ्टवाल्याला हळूच विचारलं, "कोण हो हे?"

चष्मेवाल्यांनी त्या माणसाला कळवतो म्हणून वाटेला लावलं. कळवलं नाही. मनात म्हणत होते, गंजू दे म्हैस तिथंच. भंगारात घालीन पण त्याला देणार नाही. बायकोशीही धड बोलले नाहीत. आता तिच्यावर रुसून तिला कळणार काय, पण माणूस रुसतो.

ती मात्र रोज सकाळी हेल्मेट घालून गाडीजवळ जाऊन उभी राही. ऊन चढेपर्यंत. काका बोलवायला गेले की म्हणे, "हे येतीलच." एका सकाळी ती अशीच उभी असताना त्यांनी खिडकीतून बघितलं, तर ती हेल्मेटच्या आत काहीतरी बोलत होती, मध्येच थांबत होती, कान देत होती. पलीकडून काही येत नव्हतं. टेलिफोनवर जन्म काढलेली बाई, लाईन बंद आहे हे तिला कळत होतं.

चष्मेवाल्यांनी लिफ्टवाल्याला फोन लावला. "गाडी घेऊन जा," म्हणाले, "पण माझी एक अट आहे. दर रविवारी सकाळी तिला एक फेरी मारून आणायची. जमेल?"

"जमेल काका. माझी आई होती अशीच," तो म्हणाला.

रविवारी तो आला. चष्मेवाल्यांनी त्याला सगळं सांगितलं. आधी पाय रोवायचे, मग ये म्हणायचं. तिनं खांदा दाबल्याशिवाय गाडी हलवायची नाही. चढावर थांबायचंच नाही, कितीही वळसा पडला तरी सपाटीचा रस्ता धरायचा. मग त्यांनी आपलं हेल्मेट पुसलं आणि त्याच्या हातात दिलं.

"हे कशाला? माझं आहे की."

"यात ती बोलते."

तो हेल्मेट हातात फिरवत राहिला. "काका, मला तुमच्यासारखं कसं बोलता येईल? मी काय उत्तरं देऊ?"

"काही नाही. नुसतं हं म्हणायचं," चष्मेवाले म्हणाले. "मी तेवढंच म्हणायचो."

ती बाहेर आली. हेल्मेटचा पट्टा तिला आता लावता येत नव्हता, बोटं भलतीकडे जात होती. चष्मेवाले पुढे झाले, हनुवटी जरा वर करून त्यांनी तो लावून दिला. लिफ्टवाल्यानं पाय रोवले, "ये" म्हणाला, जरा चाचरतच. ती चढली, खांदा दाबला. मग फाटक उघडून धरणाऱ्या म्हाताऱ्याचं तिला वाईट वाटलं असावं.

"तुम्ही पण चला ना काका," ती म्हणाली.

"नको," चष्मेवाले म्हणाले, "गाडी दोघांचीच आहे." आणि गाडी नीट बाहेर पडावी म्हणून ते फाटकाच्या आड सरकून उभे राहिले.