'चालेल' म्हणणाऱ्या मुलीची खुर्ची

मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मला कुणी 'बिचारी' म्हटले की माझे डोके फिरते. मी आयुष्यात भरपूर फिरले आहे, आणि एका मुलाखतीला तर माझ्या मालकिणीपेक्षा जास्त घाबरले आहे.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. नळ्या वाकवल्या, सांधे जोडले, चाके चढवली आणि माझी रवानगी इस्पितळात झाली. तिथे माझ्यावर बसणाऱ्याला कधी एकदा उठतो असे होई. पुढे नव्या खुर्च्या आल्या आणि मी जिन्याखाली धूळ खात पडले. तिथून एका शिंप्याने मला घरी नेले, माझे फाटके आसन काढून जाड कापडाचे नवे शिवले आणि आपल्या लेकीला माझ्यावर बसवले.

या लेकीला घरात सगळे मास्तरीण म्हणत. भिंतीवरचे चित्र जरा तिरके दिसले तरी तिला चैन पडत नसे. विद्यापीठात ती इमारतींचे नकाशे काढायला शिकली. तिची सरळ रेघ पाहून मला माझ्या वाकड्या नळीची लाज वाटे.

पण मास्तरीणबाईंना एक खोड होती. वर्ग वरच्या मजल्यावर भरला की ती म्हणे, "मी नंतर वह्या घेईन, चालेल." मैत्रिणी फिरायला निघाल्या की, "तुम्ही जा, चालेल." जिला चालता येत नाही तिच्या तोंडी दिवसभर 'चालेल'! आधी मला हसू येई, मग राग येऊ लागला.

शेवटच्या वर्षी विद्यापीठाने अपंग विद्यार्थ्यांना नोकरीसाठी मार्गदर्शक नेमून दिले. मास्तरणीच्या वाट्याला एक इंजिनिअर ताई आली. तिला डावा हात कोपरापासून नव्हता आणि गोड बोलण्याची सवयही नव्हती. ती खोटी खोटी मुलाखत घेई आणि नेमके अडचणीचेच विचारी.

"नकाशांऐवजी फोन घ्यायला बसवलं तर?"

"चालेल."

ताईने पेन खाली ठेवले. "का चालेल? इतकी वर्षं फोन उचलायला शिकलीस का?"

"नाही म्हटलं तर तेही जाईल ना, ताई."

"जाईल कदाचित. मी खोटं सांगणार नाही. पण एकदा फोनपाशी बसलीस की तुझे नकाशे कुणी उघडून बघणार नाही. मी बसले होते, म्हणून सांगते."

मग खरी मुलाखत आली. बाबा बाहेर थांबले. मुलाखत घेणारे साहेब भले गृहस्थ होते. त्यांनी तिचा एक नकाशा परत परत पाहिला आणि मला वाटले, जिंकलो.

"काम सुंदर आहे," ते म्हणाले, "पण नकाशांचा हॉल वर आहे आणि आपल्याकडे लिफ्ट नाही. असं करू, तुम्ही खाली फोनवर बसा. त्रास नको तुम्हाला. चालेल ना?"

"चालेल," मास्तरीण म्हणाली.

निव्वळ सवयीने. माझ्या टायरमधली हवाच गेली. साहेबांचा मात्र जीव भांड्यात पडला. "या, सोडतो तुम्हाला," म्हणत त्यांनी न विचारता माझ्या पाठीच्या मुठी धरल्या आणि ढकलायला सुरुवात केली.

दार जवळ येऊ लागले. काचेपलीकडे बाबांचा चेहरा फुलला होता. मी अडून बसायचा खूप प्रयत्न केला, पण बाबांनी सकाळीच मला भरपूर तेल दिले होते. मी आपली सुळसुळ निघाले. मला रडू फुटायचे बाकी होते.

आणि एकदम तिचे तळवे माझ्या चाकांवर पडले. फिरत्या चाकांनी ते सोलवटले, पण तिने सोडले नाही. साहेब माझ्या पाठीवर आदळले. तिने ब्रेक ओढला.

"सर, मुठी सोडा." मग ती वळली. "मी चालेल म्हणाले ते चुकलं. मला फोनचं काम नाही चालणार."

तिचा आवाज शांत होता. 

"मग काय, हॉल खाली आणू?" साहेब चिडले.

"हॉल नको. एक टेबल आणा. नकाशे जिना उतरू शकतात, सर. मला चढता येत नाही."

 "कळवतो," साहेब म्हणाले.

कळवतो म्हणजे काय, ते सगळ्यांना ठाऊक असते. घरी बाबांनी ताईला फोनवर फैलावर घेतले. "तुम्हीच शिकवून ठेवलंत. आलेली नोकरी गेली ना!"

"मलाही भीती वाटतेय, काका," ताई म्हणाली. बाबांनी फोन ठेवून दिला.

पुढचे दिवस वाट बघण्यात गेले. मास्तरीण भिंतीवरच्या तिरक्या चित्राकडेही बघेना. तिचे चुकले की काय, अशी शंका माझ्याही मनात येऊन गेली.

मग फोन वाजला. साहेबांनी नमस्कारही केला नाही. "टेबल किती उंचीचं हवं?" एवढेच विचारले.

बाबा शिवणाची टेप घेऊन धावले आणि माझ्या हातापासून जमिनीपर्यंत माप घेऊ लागले. डोळ्यांत पाणी, त्यामुळे आकडा काही केल्या वाचता येईना. शेवटी मास्तरणीनेच वाकून वाचला.

मित्रांनो, आता माझे सांधे कुरकुरतात. मला वेळच्या वेळी तेल द्या, पावसात ठेवू नका, हे तर आहेच. पण माझी खरी विनवणी वेगळी आहे. कधी माझ्या मुठी धराव्याशा वाटल्या, तर आधी पुढे येऊन बसलेल्या माणसाला विचारा, "कुठे जायचंय?" आणि उत्तर येईपर्यंत थांबा.