मध्यंतराआधीचा भाऊ

"मी छत्रीवाला बघणार," खिडकीताई म्हणाल्या आणि बॅटरीभाऊंच्या हातातले बिस्कीट चहात पडले.

बिस्कीट बाहेर काढायला चमचा हवा, या निमित्ताने ते उठून आतल्या खोलीकडे गेले आणि चमचा न घेताच परत आले. कँटीनवाल्या वहिनींच्या घरी दरवर्षीची बैठक भरली होती. शाळांना सुट्ट्या लागायच्या आधी, मोठे सिनेमे यायच्या तोंडावर ही चार जणे जमायची आणि येत्या हंगामातल्या कुठल्या सिनेमाकडे कोण डोळे लावून बसले आहे, ते सांगायची. चौघांचाही जन्म एकाच थिएटरात गेला होता. थिएटर पाडून तिथे आता कपड्यांचे मोठे दुकान झाले होते, तरी सवय काही मोडली नव्हती. नियम एवढाच, की एकाने एकच सिनेमा सांगायचा आणि सांगितला की बघायचाच. मग घरात पाहुणे असोत की अंगात ताप असो.

पोस्टरे रंगवण्यात हयात घालवलेल्या पेंटरांनी पाणबुडीचा सिनेमा सांगून टाकला होता, कारण त्याच्या पोस्टरवरच्या नायकाचे तोंड म्हणे एकदाचे माणसासारखे होते. वहिनींना राजाच्या गोष्टीचा दुसरा भाग बघायचा होता. तो फार लांबलचक आहे असे त्यांनी ऐकले होते. "लांब सिनेमा चांगलाच असतो. माणूस भुकेजून बाहेर येतो," त्या म्हणाल्या. कँटीन सुटून वर्षे लोटली, पण वहिनी अजूनही सिनेमा पब्लिकच्या पोटावरून जोखत. बॅटरीभाऊंनी भुताचा निवडला होता. ते डोअरकीपर. अंधारात लोकांना बॅटरी दाखवून खुर्चीवर बसवायचे, म्हणून हे नाव पडले होते. भुताच्या सिनेमात पडद्यापेक्षा पब्लिककडे बघण्यात जास्त मजा, असे त्यांचे ठाम मत होते.

"अहो ताई, तो जुनापुराणा कशाला?" बॅटरीभाऊ म्हणाले. "नवीन एवढे येतायत. माझ्याबरोबर भुताचा बघा."

"जुना असेल, पण मला नवाच आहे. त्याची प्रिंट हरवली होती म्हणून टीव्हीवर कधी लागला नाही. आता सापडली, धुऊनपुसून परत लावतायत. उभा जन्म मी सिनेमे मध्यंतरानंतरचे बघितले भाऊ. एकदा तरी नावं पडतात तिथपासून बघू दे."

वहिनींनी बॅटरीभाऊंकडे बघितले, बॅटरीभाऊंनी पेंटरांकडे, आणि पेंटर छताकडे बघत बसले.

खिडकीताई म्हणजे तिकिटाची खिडकी सांभाळणाऱ्या. उशिरा येणारे पब्लिक हातचे जाऊ नये म्हणून मालकांनी नियम केला होता की, मध्यंतर होईपर्यंत खिडकी उघडीच राहील. मध्यंतराला बदलीचा माणूस यायचा आणि ताई पुढच्या खेळापर्यंत सुटायच्या. नेमका तेवढ्यातच आतून त्यांचा नवरा बाहेर यायचा.

नवरा बेकरीत रात्रपाळीला. रात्रभर भट्टीपुढे उभा राहून तो सकाळी घरी यायचा, तेव्हा ताईंची निघायची गडबड. ताई परतायच्या, तेव्हा तो डबा घेऊन दारात. एका घरात राहून नवरा-बायकोची गाठ पडायची ती पायरीवर. लग्नानंतर काही दिवसांतच त्याने यावर उपाय काढला. तो रोज मॅटिनीला येऊन बसू लागला. मालकांनी स्टाफचा माणूस म्हणून मागची एक खुर्ची त्याला कायमची देऊन टाकली होती. मध्यंतराला दोघे कँटीनच्या कोपऱ्यात उभे राहायचे. तो खिशातून रुमालात बांधलेला पाव काढायचा आणि तिने चहा घेईस्तोवर पहिल्या अर्ध्याची गोष्ट सांगायचा. मग दोघे आत जाऊन उरलेला सिनेमा शेजारी शेजारी बसून बघायचे.

आणि गोष्ट कशी सांगायचा! एरवी तो माणूस तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा. दुखलं-खुपलं विचारा, 'काही नाही' म्हणेल. पण मध्यंतराला त्याची जीभ सुटायची. हातवारे करायचा, आवाज बदलायचा. नायकाचा थोरला भाऊ कसा होता, त्याने धाकट्याला कसा वाढवला, धाकटा कसा उलटून बोलला, भाऊ कसा गेला. चहा गार व्हायचा तरी ताईंना भान नसायचे.

"हे बरंय," त्या एकदा हसून म्हणाल्या होत्या, "सगळ्या सिनेमांत एक थोरला भाऊ असतो आणि मध्यंतराच्या आत मरतो. मला मेला एकदाही बघायला मिळत नाही."

"फॅशन आहे तशी," नवरा म्हणाला होता आणि पाव मोडत राहिला होता.

पुढे घरात टीव्ही आला. एखादा ओळखीचा सिनेमा लागला, की तो उठून चॅनेल बदलायचा. 'आपला पाहून झालाय, दुसरं काही लाव.' नातेवाईक कधी म्हणायचे, की अहो, त्या सिनेमात भाऊबिऊ काही नव्हता. तेव्हा ताई त्यांनाच झापायच्या. तुमचं लक्षच नसतं, आमचे हे बघा, बारीकसारीक लक्षात ठेवतात.

सगळ्यांत लाडका छत्रीवाला. त्याच्या शेवटी नायक खूप वर्षांनी एका बंद पडलेल्या घड्याळाच्या दुकानात येतो. दुकानदार म्हातारा वारलेला असतो, भिंतीवर नुसता फोटो. खिळ्याला एक काळी छत्री टांगलेली. नायक ती काढतो आणि दुकानातल्या दुकानात उघडतो. बस, एवढेच. पण नवऱ्याने आधीचे सांगितले होते. दोघा भावांत छत्री एकच होती. थोरला ती रोज धाकट्याला द्यायचा आणि स्वतः भिजत त्या घड्याळाच्या दुकानात कामाला जायचा. एक दिवस भांडण झाले आणि धाकटा 'नको मला तुझी छत्री' म्हणून ती दारात टाकून निघून गेला. ते ऐकून ताई आत गेल्या होत्या. छत्री उघडली, तेव्हा त्यांना हुंदका आवरला नव्हता, आणि शेजारी बघतात तो नवराही रडत होता. त्याला रडताना त्यांनी तेवढेच पाहिले.

तो जाऊन आता वर्ष होत आले होते. त्याचा आवाज हळूहळू विसरायला होतोय, ही भीती ताईंनी कोणाला बोलून दाखवली नव्हती. कपडे होते, चष्मा होता, पण आवाज कशात राहतो? म्हणून त्यांना छत्रीवाला बघायचा होता. त्याने सांगितलेले सगळे पडद्यावर दिसेल, त्यातून तो पुन्हा ऐकू येईल, एवढी साधी आशा होती.

बॅटरीभाऊ भुताचा सिनेमा सोडून त्यांच्याबरोबर आले. म्हणाले, एकटीने कशाला जाता. नव्या थिएटरात खिडकी नव्हतीच, तिकीट यंत्रातून आले. ताईंनी त्या यंत्राकडे जरा तुच्छतेने बघितले. आत मोजकीच माणसे होती. दिवे गेले, नावे पडू लागली आणि ताई खुर्चीत पुढे सरकून बसल्या.

नायक आला. तो एकटाच होता. ताई भावाची वाट बघू लागल्या. नायकाने नोकरी शोधली, नायिकेची आणि त्याची टक्कर झाली, दोघांनी बागेत गाणे म्हटले. भाऊ आला नाही. घड्याळवाला म्हातारा आला, तो घरमालक निघाला. कंजूष आणि तिरसट. एका गमतीच्या गाण्यात नायक त्याची छत्री पळवतो, म्हातारा त्याच्यामागे धावतो, शेवटी घसरून डबक्यात पडतो. नायक हसत छत्री परत करतो. पुढच्या रांगेतले लोक हसले. बॅटरीभाऊ मात्र मांडीवर हात ठेवून, आपल्यालाच शिक्षा झाल्यासारखे बसले होते.

मध्यंतर झाले. दिवे लागले.

"भाऊ कुठाय?" ताईंनी विचारले.

बॅटरीभाऊंनी घसा साफ केला. "नाही हो ताई. पहिल्यापासूनच नव्हता."

"मग ह्यांनी कुठला बघितला?"

"बघितलाच नाही. भाऊजी झोपायचे. रात्रभर भट्टीपुढं उभा राहिलेला माणूस, थंडगार अंधार मिळाला की काय करणार? बसले की डोळा लागायचा. मध्यंतराच्या जरा आधी मी खांद्यावर बॅटरी टेकवून उठवायचो. कानात दोन वाक्यं सांगायचो, म्हातारा अमका, छत्री तमकी. पुढचं ते रचायचे."

"रोज?"

"रोज. मला शपथ घातली होती. म्हणाले, ती इतकी आशेनं विचारते, झोपलो होतो म्हणून कसं सांगू? आणि घरी झोपायला जा म्हटलं, तर म्हणायचे, घरी कशाला जाऊ, ती इथं आहे."

ताईंना राग आला. चांगला सणसणीत आला. आयुष्यभर आपल्याला खुळ्यात काढले आणि सगळ्या थिएटरला ते ठाऊक होते. बैठकीत सगळे एकमेकांकडे का बघत होते, ते आता कळले. वहिनींना ठाऊक, पेंटरांना ठाऊक, आपण मात्र नातेवाइकांशी भांडत राहिलो. ज्याचा आवाज ऐकायला आलो, तो आवाज खोटा निघाला. आता घरी जाऊन काय आठवायचे? त्यांनी पिशवी उचलली, उठायला खुर्चीच्या हातावर जोर दिला आणि तशाच थांबल्या.

भावाची त्यांना आठवण झाली. नवऱ्याचा सख्खा थोरला भाऊ. लग्न ठरताना त्याने एकदाच सांगितले होते, 'थोरला होता. त्यानंच वाढवलं. मग आमचं बोलणं राहिलं नाही, आणि आता तो नाही.' त्यानंतर ताईंनी किती वेळा विचारले, पण उत्तर एकच, 'काही नाही.' आणि तिकडे कँटीनच्या कोपऱ्यात उभा राहून तो रोज त्याच भावाबद्दल बोलत होता. एका सिनेमात तो भाऊ स्वतःच्या ताटातले वाढायचा, दुसऱ्यात धाकट्याला खांद्यावर बसवून शाळेत न्यायचा, तिसऱ्यात धाकट्याने तोडून बोलल्यावर काही न म्हणता नुसता दिवा मालवायचा. सगळे सांगून टाकले होते त्याने. त्या मात्र 'मला मेला एकदाही बघायला मिळत नाही' म्हणून हसल्या होत्या.

"भाऊ," पिशवी खाली ठेवत त्या म्हणाल्या, "छत्रीबद्दल तुम्ही काय सांगितलं होतं त्यांना?"

"मी? एवढंच की, छत्री आहे आणि शेवटी परत येणार आहे. का हो?"

"काही नाही," ताई म्हणाल्या. नवऱ्याचेच शब्द आपल्या तोंडून आलेले त्यांच्या लक्षात आले. त्या परत नीट टेकून बसल्या.

दिवे मंद होऊ लागले होते. तेवढ्यात एक बाई धापा टाकत रांगेत शिरली. अंगावर नर्सचा गणवेश, हातात डब्याची पिशवी. ती ताईंच्या पलीकडच्या खुर्चीवर बसली आणि कपाळ पुसत म्हणाली,

"अर्धा गेला ना? ड्युटी सुटल्यावरचं तिकीट काढलं होतं, पण बदलीची आलीच नाही वेळेवर. आमच्या आईचा फार आवडीचा होता हो हा. काकू, आधी काय झालं, सांगाल का जरा?"

बॅटरीभाऊ तोंड उघडणार होते. ताईंनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"दोन भाऊ असतात," ताई सांगू लागल्या. "आई-बाप नाहीत. थोरल्यानंच धाकट्याला लहानाचा मोठा केलेला. आणि दोघांत छत्री एकच."

त्या हळू आवाजात सांगत राहिल्या. थोरला भिजत कामाला जायचा, तिथे त्यांनी खांदे आक्रसले. धाकटा 'नको मला तुझी छत्री' म्हणाला, तिथे मान झटकली. आपण हात वर करतो तो कोणासारखा, आवाज खाली नेतो तो कोणासारखा, हे त्यांना सांगता सांगताच कळत गेले. नर्स पडद्याकडे न बघता त्यांच्याकडेच बघत होती. पडद्यावर सिनेमा केव्हाचा सुरू झाला होता.

शेवटी ते बंद पडलेले घड्याळाचे दुकान आले. भिंतीवर फोटो, खिळ्याला छत्री. पुढच्या रांगेतली माणसे चपला शोधू लागली होती. नायकाने छत्री खाली काढली आणि उघडली.

"टाकून गेला होता ना हा?" नर्स पुटपुटली. "भावानं उचलून ठेवली." तिने डब्याच्या पिशवीत रुमाल चाचपला, सापडला नाही, तेव्हा गणवेशाच्या बाहीने डोळे पुसले.

"रोज पुसून ठेवायचा," ताई म्हणाल्या. हे मात्र त्यांना कोणी सांगितलेले नव्हते.

दिवे लागले, तरी बॅटरीभाऊ उठले नाहीत. हा सिनेमा त्यांनी असंख्य वेळा उभ्याने पाहिला होता. आज ते खाली मान घालून बसून होते आणि रिकाम्या मुठीत काहीतरी धरल्यासारखा अंगठा पुन्हा पुन्हा दाबत होते, बॅटरीचे बटण दाबावे तसा.